लेबर रूममधला सराव : अनुभवी परिचारिकांना सिम्युलेशनने कसे शिकवतात

बाळंतपण झाले, बाळ रडले, वार बाहेर आली. आता गर्भाशय घट्ट आकसायला हवे. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात, आणि भोवतालचे स्नायू आकसले तरच ती दाबली जातात. स्नायू सैल राहिले तर बाई काही मिनिटांत अत्यवस्थ होते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे.

तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या कोणत्याही सिस्टरला हे सगळे ठाऊक असते. परीक्षेत तिने ते लिहिलेलेही असते. मग तिला पुन्हा शिकवायचे काय?

प्रश्न रास्त आहे. लहान रुग्णालयात असा गंभीर प्रसंग वर्षातून थोड्याच वेळा येतो, आणि येतो तेव्हा बहुधा दुसऱ्याच कुणाची तरी ड्युटी असते. त्यामुळे दहा वर्षे लेबर रूममध्ये काम केलेल्या सिस्टरनेही सैल पडलेले गर्भाशय दोन्ही हातांमध्ये दाबून धरण्याची क्रिया एक-दोनदाच केलेली असू शकते. शिवाय हा प्रसंग रात्री अडीचला येतो. त्या वेळी हजर असतात एक सिस्टर आणि एक मावशी. डॉक्टर घरी असतात आणि नातेवाईक दारात उभे असतात. अशा वेळी माहीत असलेल्या आठ गोष्टी योग्य क्रमाने, वेळेत आणि दुसऱ्याला कामाला लावत करणे, हे माहीत असण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे. ते व्याख्यानातून येत नाही. खऱ्या बाईवर चुका करत ते शिकणे तर कुणालाच मान्य होणार नाही.

यासाठी सिम्युलेशन वापरतात. सिम्युलेशन म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर, किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसावर, खऱ्यासारखाच प्रसंग उभा करून केलेला सराव. लेबर रूममधला अतिरक्तस्राव हे एकच उदाहरण धरून हे काम पायरीपायरीने कसे होते ते आपण पाहू. आपण इन्चार्ज सिस्टर असाल, नर्सिंग कॉलेजात शिकवत असाल, एखादे नर्सिंग होम चालवत असाल किंवा आपल्या घरातली लेक या पेशात असेल, तरी ही पद्धत समजायला अवघड नाही.

पहिली पायरी यंत्रखरेदीची नाही, हे आधीच सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावरून घसरते. अनुदान मिळते, लाखो रुपयांचा पुतळा येतो, उद्घाटन होते, आणि मग तो प्लास्टिकच्या आवरणाखाली कुलपात राहतो. सुरुवात गरजेपासून करावी. लेबर रूमचे रजिस्टर काढा. मागच्या वर्षभरात कुणाला रक्त चढवावे लागले, कुणाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले, तेव्हा कुठे वेळ गेला, ते पाहा. सिस्टरांना विचारा की रात्रपाळीत कोणत्या प्रसंगाची त्यांना धास्ती वाटते. उत्तरे फार प्रामाणिक मिळतात.

मग उद्दिष्ट लिहायचे. ‘अतिरक्तस्रावाचे व्यवस्थापन शिकवणे’ हे उद्दिष्ट निरुपयोगी आहे, कारण ते साधले की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘रक्तस्राव ओळखल्यापासून एका मिनिटात मदतीसाठी हाक मारणे, गर्भाशय चोळायला सुरुवात करणे आणि किती रक्त गेले ते मोजून मोठ्याने सांगणे’ हे मोजता येणारे उद्दिष्ट झाले. एका सत्रात अशी दोन किंवा तीनच उद्दिष्टे पुरेत. सात-आठ भरली की शिकणाऱ्या बाईच्या लक्षात शेवटी एकही राहत नाही.

दुसरी पायरी म्हणजे प्रसंग लिहिणे. नाटकाच्या संहितेत असते तसे यात पात्रे, जागा आणि घटनांचा क्रम असतो. फरक एवढाच की मुख्य पात्राचे संवाद लिहिलेले नसतात, कारण ती काय करेल हेच आपल्याला पाहायचे असते. नमुना असा : बाई २६ वर्षांची, दुसरी खेप, हिमोग्लोबिन ९. रात्री २ वाजता प्रसूती झाली, बाळ ३.२ किलोचे, वार पूर्ण आली. दहा मिनिटांनी बाई म्हणते, ‘सिस्टर, मला गरगरतंय.’ नाडी ९८, रक्तदाब ११०/७०, खाली रक्त चालू.

आता पुढच्या फांद्या लिहायच्या. सिस्टरने गर्भाशय चोळले आणि ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसायला लावणारे इंजेक्शन) वेळेत दिले, तर आठव्या मिनिटाला रक्त कमी होते. पाच मिनिटांत यातले काहीच झाले नाही, तर नाडी १२४, रक्तदाब ९०/५० आणि बाईचे बोलणे तुटक. प्रत्येक आकडा कधी बदलणार ते सत्र घेणाऱ्याच्या हातातल्या कागदावर आधी लिहिलेले हवे. ऐनवेळी मनाने आकडे सांगितले की ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अनुभवी सिस्टरच्या ते लगेच लक्षात येते. एकदा तिचा विश्वास उडाला की पुढचे सगळे तिला खोटे वाटू लागते.

इथे आणखी एक मोह आवरावा लागतो. प्रसंग लिहिणाऱ्याला तो अवघड करत न्यावासा वाटतो. आधी रक्तस्राव, मग झटके, मग बाळाचा श्वास थांबला, मग वीज गेली. असे सगळे एकदम कोसळले की सिस्टर हताश होते आणि काहीच शिकत नाही. फसवणूक तर मुळीच नको. सलाईनच्या बाटलीवर चुकीचे लेबल लावून ‘पाहू या ओळखते का’ हा खेळ शिकवण्याचा नव्हे, पकडण्याचा आहे.

तिसरी पायरी साधनांची. या कल्पनेला फार मोठा इतिहास आहे. फ्रान्समध्ये १७५९ साली पंधराव्या लुईने आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीला देशभर फिरून खेड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवण्याचे अधिकारपत्र दिले. तिच्यासोबत कापड, चामडे आणि भरावाने तयार केलेले स्त्रीच्या कटिभागाचे आणि बाळाचे नमुने असत. त्यातला एक रुआँच्या संग्रहालयात आजही आहे. पुढे १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफोर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत माणसाएवढी बाहुली आली. मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी ती केली होती, म्हणून तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, कपडे बदलणे याचा सराव मुली तिच्यावर करत. छातीवर दाब देण्याचा सराव ज्यावर जगभर होतो ती ‘रेसुसी अॅन’ १९६० मध्ये नॉर्वेतल्या लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडली. म्हणजे या परंपरेत सुईणी, बाहुलीवाल्या आणि खेळणीवाले यांचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा आहे, आणि मला तो फार आदराचा वाटतो.

आजची साधने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार एकाच कामापुरत्या नमुन्याचा. उदाहरणार्थ, शिरेत सुई लावण्यासाठी रबरी हात. दुसरा, संगणकावर चालणारा पूर्ण पुतळा. त्याची छाती हलते, नाडी लागते, डोळे उघडझाप करतात. तिसऱ्या प्रकारात जिवंत माणूस आणि साधन एकत्र येतात. ‘मामानॅटली’ हे साधन प्रशिक्षक स्वतःच्या पोटावर अॅप्रनसारखे बांधते. त्यात बाळ, वार, आणि रक्ताऐवजी लाल पाणी असते. आतले गर्भाशय घट्ट करायचे की सैल सोडायचे, आणि किती रक्त जाऊ द्यायचे, हे तिच्या हातात असते. बिहारमधल्या सरकारी आरोग्य केंद्रांत याच विचाराने ‘पार्टोपँट्स’ वापरल्या गेल्या. ऑपरेशन थिएटरमधल्या साध्या पायजम्यात फेरफार करून ते साधन तयार केलेले असते. दोघी मार्गदर्शक नर्सेस केंद्रात मुक्काम करून तिथल्याच सिस्टरांसोबत सराव घेत.

अतिरक्तस्रावासाठी मी हा तिसरा प्रकारच पसंत करतो. पुतळा विव्हळत नाही, सिस्टरचा हात घट्ट धरत नाही, ‘माझं बाळ कुठंय?’ विचारत नाही. बोलणाऱ्या बाईशी बोलत बोलत काम करणे हा या कौशल्याचा अर्धा भाग आहे. उलट अतिदक्षता विभागातल्या सिस्टरला व्हेंटिलेटरचा (श्वास देणाऱ्या यंत्राचा) अलार्म वाजल्यावर काय तपासायचे ते शिकवायचे असेल, तर संगणकी पुतळ्याला पर्याय नाही. डायलिसिसच्या सिस्टरला तर खऱ्या यंत्रावरच, रुग्ण न जोडता, नळीत हवा गेल्याचा अलार्म कसा हाताळायचा हे शिकवता येते. साधन उद्दिष्टावरून ठरते.

रक्ताबद्दल थोडे सविस्तर सांगतो. गेलेल्या रक्ताचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी भरतो, आणि रक्त जितके जास्त तितकी चूक मोठी होते. हे पटवण्याचा एक स्वस्त सराव आहे. पाण्यात खाण्याचा लाल रंग आणि थोडे कॉर्नफ्लोअर मिसळा. त्यातले मोजून ३००, ५०० आणि १,००० मिलीलिटर वेगवेगळ्या चादरींवर, पॅडवर, थोडे फरशीवर ओता. प्रत्येकीला कागदावर आपला अंदाज लिहायला सांगा. मग ओल्या चादरीचे वजन करून त्यातून कोरड्या चादरीचे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलीलिटर. आकडे शेजारी शेजारी मांडले की खोली शांत होते. त्यानंतर ‘मोजायची पिशवी लावा’ हे कुणाला दोनदा सांगावे लागत नाही. ही पिशवी म्हणजे खुणा असलेले प्लास्टिकचे ड्रेप. ते प्रसूतीनंतर बाईखाली लावतात, रक्त त्यात जमते आणि थेट वाचता येते.

जागा कोणती निवडावी? स्वतंत्र स्किल लॅबमध्ये शांतता असते आणि चुका करायला मोकळीक असते. नवे कौशल्य हाताला बसवण्यासाठी, जसे गर्भाशयात फुगा घालून रक्त थांबवणे, ती जागा चांगली. पण ते काम आपल्या वॉर्डात नीट होते की नाही, हे वॉर्डातच कळते. रिकाम्या लेबर टेबलवर सराव घेतला की अशा गोष्टी उघड होतात : ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते म्हणून ते फ्रिजमध्ये असते, फ्रिज दुसऱ्या खोलीत, आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये. मोठ्या सुया संपलेल्या. ट्रानेक्झॅमिक अॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारे औषध) स्टोअरमध्ये, तेही मागणीपत्र दिल्यावर. ब्लड बँकेचा फोन नंबर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरवर, म्हणजे आता कुठेच नाही. हे दोष कुणा एका सिस्टरचे नसतात, आणि खऱ्या रुग्णावर ते उघडकीस येण्याआधी सापडले ही सरावाची मोठी कमाई आहे.

वॉर्डात सराव घेताना एक धोका मात्र कटाक्षाने टाळायला हवा. सरावाची औषधे आणि सलाईन खऱ्या साठ्यात मिसळता कामा नयेत. अमेरिकेत २०१४ मध्ये फक्त प्रशिक्षणासाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या चुकून दवाखान्यांत पोहोचल्या आणि खऱ्या रुग्णांना चढवल्या गेल्या. त्यातले अनेक जण थंडी-तापाने आजारी पडले. म्हणून सरावाच्या प्रत्येक वस्तूवर मोठ्या लाल अक्षरांत ‘फक्त सरावासाठी’ लिहा, आणताना मोजा, नेताना पुन्हा मोजा. आणि खरी बाई प्रसूतीला आली तर सराव त्या क्षणी थांबवा.

चौथी पायरी पूर्वसूचनेची, म्हणजे प्रीब्रीफिंगची. दहा-पंधरा मिनिटांची ही पायरी घाईत गाळली जाते आणि त्यामुळे सगळे सत्र वाया जाते. विद्यार्थिनीला चुकण्याची सवय असते. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या सिस्टरला आपल्या ज्युनिअरसमोर चुकण्याची भीती खरी असते. तिला स्पष्ट सांगावे लागते की ही परीक्षा नाही, इथे गुण नाहीत, इथे घडलेले या खोलीबाहेर जाणार नाही आणि गोपनीय अहवालात उतरणार नाही. मग ते वचन पाळावेही लागते. सरावाची चित्रफीत कुणीतरी वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, तर त्या रुग्णालयात पुढची अनेक वर्षे कुणी मनापासून सराव करणार नाही.

मेट्रन किंवा वरिष्ठ डॉक्टर कोपऱ्यात खुर्ची टाकून बघायला बसले, तरी तोच परिणाम होतो. त्यांना यायचे असेल तर त्यांनी भाग घ्यावा. डॉक्टरांनी डॉक्टरांचीच भूमिका करावी, फोनवर उशिरा पोहोचणाऱ्या डॉक्टरांची.

याच वेळी साधनाची ओळखही करून द्यायची. नाडी कुठे लागते, रक्तदाब कोण सांगणार, कोणती औषधे खरीच काढायची आणि कोणती फक्त ‘दिली’ म्हणायची. नाहीतर सिस्टर पुतळ्याच्या मनगटावर नाडी शोधण्यात दोन मिनिटे घालवते आणि आपल्याला वाटते तिला नाडी बघता येत नाही.

पाचवी पायरी प्रत्यक्ष प्रसंगाची. तो दहा-बारा मिनिटांहून लांबवू नये. चांगला चालला तर तो साधारण असा ऐकू येतो.

‘मावशी, बेल वाजवा. स्टाफला बोलवा, डॉक्टरांना फोन लावा. रक्त जास्त जातंय.’

‘सिस्टर, मी आले. काय करू?’

‘ऑक्सिटोसिन दहा युनिट, आयएम (स्नायूत).’

‘दहा युनिट, आयएम. देते.’ आणि थोड्या वेळाने, ‘दिलं. दोन वाजून चौदा मिनिटं.’

‘ड्रेपमध्ये पाचशे झालंय. दुसरी लाइन लाव, मोठी सुई.’

आपल्या लक्षात आले असेल की दुसरी सिस्टर ऐकलेले पुन्हा म्हणते आणि काम झाल्यावर परत कळवते. याला क्लोज्ड लूप संवाद म्हणतात, म्हणजे सांगणे, ऐकल्याची खूण देणे आणि झाल्याचे सांगणे, अशी पूर्ण फेरी. धावपळीत ‘कुणीतरी ऑक्सिटोसिन द्या’ असे हवेत बोललेले वाक्य कुणाचेच नसते. तीन जणी असतात आणि प्रत्येकीला वाटते की दुसरीने दिले. बाळ जन्मल्याबरोबर प्रतिबंधासाठी दिलेले पहिले इंजेक्शन आणि आत्ताचे उपचाराचे इंजेक्शन यांची गल्लतही याच गोंधळात होते.

उपचारांचा क्रम सत्राआधी आपल्या रुग्णालयाच्या लिखित पद्धतीप्रमाणे पक्का करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातला गाभा असा : गर्भाशय चोळणे, आकसण्याचे औषध, ट्रानेक्झॅमिक अॅसिड, शिरेतून द्रव, आणि रक्त येण्याच्या जागेची तपासणी. तपासणीत मूत्राशय भरलेले आहे का, वारेचा तुकडा आत राहिला का, कुठे फाटले आहे का, हे पाहतात. ट्रानेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम शिरेतून सावकाश, साधारण दहा मिनिटांत द्यायचे, आणि प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. ही कामे एकामागून एक वाट पाहत करायची नाहीत, सगळी हातोहात सुरू करायची. जुन्या सवयीच्या सिस्टरांची गाडी नेमकी इथे अडते : एक उपाय करून ‘बघू या थांबतंय का’ म्हणून थांबायचे, मग दुसरा.

सत्र घेणाऱ्याचे या दहा मिनिटांतले काम अवघड असते, कारण त्याला गप्प बसायचे असते. सिस्टर अडखळली की मदतीला धावावेसे वाटते. धावू नका. फार तर सासूच्या भूमिकेतल्या बाईला बोलू द्या, ‘अहो सिस्टर, एवढं रक्त जातंच का हो?’ एवढ्या इशाऱ्याने बहुतेक वेळा काम सुरू होते.

सहावी पायरी डिब्रीफिंगची, म्हणजे प्रसंगानंतर बसून केलेल्या चर्चेची. खरे शिकणे इथे होते, असे माझे ठाम मत आहे. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला वीस-तीस मिनिटे ठेवा. वेळ कमी असेल तर प्रसंग छोटा करा, चर्चा कापू नका.

सुरुवात मन मोकळे करण्यापासून. ‘कसं वाटलं?’ एवढाच प्रश्न. हात थरथरत असतात, कुणाला हसू येते, कुणाला रडू. ते आधी बाहेर येऊ द्या. मग काय घडले ते सगळ्यांनी मिळून क्रमाने सांगायचे. इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते : एकाच प्रसंगात असलेल्या चौघींना काळ वेगवेगळा वाटलेला असतो. ‘लगेच इंजेक्शन दिलं’ म्हणणाऱ्या सिस्टरला घड्याळ दाखवते की मध्ये सहा मिनिटे गेली होती.

आणि मग ‘का’ हा प्रश्न. तो कसा विचारायचा हे शिकणे सत्र घेणाऱ्याला सर्वांत जड जाते. ‘तुम्ही ड्रेप का नाही लावलं?’ हा प्रश्न नव्हे, ठपका आहे. त्याऐवजी असे म्हणता येते : ‘रक्त चादरीवर जात होतं तेव्हा आपण बाळाकडे वळलात, हे मी पाहिलं. मला काळजी वाटली, कारण मग मोजणं राहून गेलं. त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं?’ पाहिलेले सांगितले, आपली काळजी सांगितली, आणि मग खरोखर जाणून घेण्यासाठी विचारले. उत्तर अनेकदा अनपेक्षित येते. ‘बाळ निळं दिसलं म्हणून गेले.’ किंवा, ‘मागच्या वेळी मी रात्री डॉक्टरांना उठवलं तर फार बोलणी बसली होती. म्हणून आधी खात्री करत होते.’ हे दुसरे उत्तर ऐकल्यावर कळते की इथे सिस्टरला ज्ञान देऊन काही होणार नाही. रात्री फोन केल्याबद्दल कुणी ओरडणार नाही, हा नियम डॉक्टरांसाठी करायला हवा.

चर्चेत नेहमी होणारी चूक म्हणजे तिचे व्याख्यान होणे. शिक्षक बोलतात, सिस्टरा माना हलवतात. आपण जर अर्ध्याहून जास्त वेळ बोलत असाल, तर थांबा. शेवटी प्रत्येकीने एकच गोष्ट सांगावी, उद्याच्या ड्युटीला ती काय वेगळे करणार.

यानंतर तोच प्रसंग तिथल्या तिथे पुन्हा करा. हे फार ठिकाणी होत नाही, वेळ संपलेला असतो. पण पहिल्या खेपेला गडबडलेली सिस्टर दुसऱ्या खेपेला तेच काम नीट करून खोलीबाहेर गेली, तर तिच्यासोबत सुधारलेला क्रम आणि आत्मविश्वास जातो. नाही केले, तर फक्त चुकल्याची आठवण जाते.

मूल्यमापन वेगळ्या दिवशी ठेवा. शिकण्याचे सत्र आणि तपासण्याचे सत्र एकत्र केले की आधी दिलेले सगळे वचन मोडते. तपासताना पायऱ्यांची यादी आणि घड्याळ पुरते : हाक कधी मारली, औषध कधी गेले, रक्त मोजले का. फुगा घालण्यासारखे विशेष कौशल्य नमुन्यावर जमले, तरी खऱ्या रुग्णावर पहिल्या काही वेळा जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचे. पुतळ्यावरचे प्रमाणपत्र म्हणजे स्वतंत्रपणे काम करण्याचा परवाना नव्हे, हे रुग्णालयानेही लक्षात ठेवावे.

आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी, पुन्हा पुन्हा सराव करण्याची. टांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयात २०१० मध्ये नवजात बाळाला श्वास द्यायचे एका दिवसाचे प्रशिक्षण झाले. काही महिन्यांनी पाहिले तर पुतळ्यावरचे काम सुधारलेले होते, पण खऱ्या बाळांच्या बाबतीत वागणे फारसे बदलले नव्हते. मग तिथे वॉर्डातच छोटा सराव सुरू झाला, दर आठवड्याला काही मिनिटांचा आणि महिन्यातून एकदा थोडा मोठा. त्यानंतर जन्मापासूनच्या पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू घटले. पुतळा तोच होता. बदलली ती सरावाची वारंवारिता.

अतिरक्तस्रावाच्या बाबतीतला मोठा पुरावा २०२३ मध्ये आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ नावाचा अभ्यास झाला. मोजायचे ड्रेप, वर सांगितलेल्या उपचारांचा एकत्र संच, आणि तो वापरण्यासाठी वॉर्डातच घेतलेला सराव, हे त्यातले मुख्य घटक. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा ६० टक्क्यांनी कमी झाले. हे यश एकट्या सिम्युलेशनचे नाही. पण सराव नसता तर ड्रेप पाकिटात आणि संच कागदावर राहिला असता.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ उपक्रमामुळे २०१७ च्या डिसेंबरपासून सरकारी लेबर रूमच्या दर्जाची तपासणी आणि प्रमाणन होते, आणि खासगी रुग्णालयांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेचा ‘मान्यता’ उपक्रम आहे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात सगळीकडे सराव होतो. तो बाराही महिने व्हावा, एवढेच मागणे आहे. प्रशिक्षणासाठी सिस्टरला आठवडाभर जिल्ह्याच्या गावी पाठवायचे तर वॉर्डात तिच्या जागी कुणी नसते, म्हणून पाठवणे टळते. पंधरा मिनिटांच्या सरावाला ती अडचण नाही. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टरा हजर असतात, तीच वेळ धरावी. रात्रपाळीला वगळू नये, कारण कमी माणसांत काम त्यांनाच करायचे असते. मावशींनाही वगळू नये. बेल वाजवणारी, धावत जाऊन रक्त आणणारी तीच असते.

आपल्या वॉर्डात सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढे करा. अतिरक्तस्रावाची सगळी औषधे, मोठ्या सुया, ड्रेप आणि कॅथेटर एका डब्यात ठेवून त्यावर यादी चिकटवा. फ्रिजमधल्या ऑक्सिटोसिनची जागा आणि किल्ली कुणाकडे हे त्याच यादीत लिहा. लाल पाणी आणि दोन चादरी घेऊन अंदाजाचा सराव घ्या. आणि पुढच्या महिन्याचे ड्युटीपत्रक लिहायला बसाल तेव्हा दर आठवड्याच्या एका दिवसासमोर ‘सराव, १५ मिनिटे’ असे शाईने लिहा.